वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर नैराश्य आणि त्याची औषधे: गोव्यातील नव्या रुग्णांसाठी मार्गदर्शन

वजन घटवण्याची शस्त्रक्रिया ठरली की रुग्णाच्या हाती आहाराचा तक्ता येतो, प्रथिनांच्या पावडरीचे नाव येते आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची यादी येते. जी व्यक्ती आधीपासून नैराश्यावर उपचार घेत असते, तिच्या गोळ्यांविषयी मात्र या कागदांत बहुधा ‘पूर्वीची औषधे चालू ठेवावीत’ एवढी एकच ओळ असते. ही ओळ पुरेशी नाही. जठराचा आकार, अन्नाचा मार्ग आणि शरीराचे वजन या तिन्ही गोष्टी थोड्या अवधीत बदलतात, त्यामुळे जुन्या मात्रेची जुनीच गोळी रक्तात पूर्वीइतकी उतरेल याची खात्री राहत नाही. शिवाय शस्त्रक्रियेनंतर मन खचले म्हणजे जुने नैराश्यच उलटले, असेही प्रत्येक वेळी नसते.

गोव्यातल्या रुग्णापुढे आणखी एक अडचण असते. कित्येकांची शस्त्रक्रिया मुंबई, पुणे किंवा बेळगावला होते आणि मानसोपचार मात्र म्हापसा, पणजी, फोंडा किंवा मडगावला चालू असतात. हे दोन डॉक्टर एकमेकांना ओळखत नसतात आणि एकाची चिठ्ठी दुसऱ्याने पाहिलेली नसते. त्यांच्यातला दुवा होण्याचे काम रुग्णालाच करावे लागते, आणि पुढील सर्व पायऱ्यांचा भर त्यावरच आहे.

शस्त्रक्रियेच्या दीड-दोन महिने आधी

मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्यावी आणि शस्त्रक्रियेची तारीख व प्रकार त्यांना सांगावा. त्याचप्रमाणे सर्जनला नैराश्याच्या औषधांविषयी काहीही न लपवता सांगावे. ‘मानसिक आजाराची गोळी घेतो असे कळले तर शस्त्रक्रिया नाकारतील’ या भीतीने अनेकजण गप्प बसतात. प्रत्यक्षात उपचारांनी आटोक्यात असलेले नैराश्य हा शस्त्रक्रियेला अडथळा मानला जात नाही. तीव्र आणि उपचार न झालेले नैराश्य, जीव देण्याचे विचार किंवा चालू असलेले दारूचे व्यसन असेल तर आधी त्यावर उपचार करून शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, आणि ते रुग्णाच्याच हिताचे असते.

या भेटीत तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात. पहिली म्हणजे गोळीचा प्रकार. आपल्या पाकिटावर औषधाच्या नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर किंवा एक्सएल अशी अक्षरे आहेत का ते पाहावे. ती असतील तर गोळी हळूहळू, कित्येक तास विरघळत राहील अशी बनवलेली असते. व्हेन्लाफॅक्सिन, डेसव्हेन्लाफॅक्सिन, ब्युप्रोपिऑन आणि पॅरोक्सेटिन ही औषधे अनेकदा अशा रूपात दिली जातात. अन्नाचा मार्ग आखूड झाल्यावर अशी गोळी पूर्ण विरघळण्याआधीच पुढे सरकण्याची शक्यता असते, म्हणून साधी, लगेच विरघळणारी गोळी किंवा द्रवरूप औषध घेता येईल का, हे विचारावे. ड्युलॉक्सेटिनच्या कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आम्लापासून बचाव करणारे आवरण असते, त्याचाही वेगळा विचार करावा लागतो. बदल करायचाच असेल तर तो शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात नव्हे, तर नवे औषध मानवते का हे पाहायला वेळ राहील इतका आधी व्हावा.

दुसरी गोष्ट म्हणजे आजची मनःस्थिती कागदावर नोंदवून ठेवणे. त्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली सोयीची असते. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आले तर तज्ज्ञांनी तपासणी करणे आवश्यक समजले जाते. शस्त्रक्रियेपूर्वीचा आकडा हाती असला की मनाची नंतरची घसरण ‘मला तसे वाटते’ एवढ्यावर न राहता डॉक्टरांना दाखवता येते. तिसरी गोष्ट म्हणजे पुढच्या भेटींच्या तारखा. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी पहिली आणि त्यानंतरचे सहा महिने दर महिन्या-दीड महिन्याने एक अशा भेटी आधीच ठरवलेल्या बऱ्या.

शस्त्रक्रिया होणार म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन एकदम थांबवल्यास दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखी जाणीव आणि बेचैनी सुरू होऊ शकते, आणि ही लक्षणे भुलीच्या व जखमेच्या त्रासात मिसळून ओळखू येईनाशी होतात. आपल्याकडे नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्रामबरोबर क्लोनाझेपाम हे चिंता कमी करणारे औषध एकत्र असलेली गोळी सर्रास लिहून दिली जाते आणि कित्येकांना आपण दोन औषधे घेतो याचा पत्ताही नसतो. ती अचानक बंद झाल्यास क्लोनाझेपाम तुटल्यामुळे झोप उडते, हात थरथरतात आणि काहींना आकडीही येऊ शकते.

कोणत्या शस्त्रक्रियेत काय बदलते

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात, पण आतड्याचा मार्ग तसाच राहतो. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची साधारण ३० मिलिलिटर मावेल एवढीच पिशवी ठेवून ती आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे आम्ल कमी मिळते आणि औषध शोषून घेणारा आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो. मिनी गॅस्ट्रिक बायपासमध्येही आतड्याचा बराच भाग वगळला जातो. म्हणून औषधाच्या शोषणाची चिंता स्लीव्हपेक्षा बायपासमध्ये अधिक असते.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गॅस्ट्रिक बायपास झालेल्या, नैराश्याची औषधे घेणाऱ्या १२ जणांचे रक्त शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर वेळोवेळी तपासले गेले. त्यांपैकी ८ जणांच्या रक्तातील औषधाचे एकूण प्रमाण एका महिन्यानंतर सरासरीने जवळजवळ निम्म्यावर आले होते, आणि त्यांतील ६ जणांचे सहा महिन्यांपर्यंत पूर्ववत झाले. अभ्यास लहान आहे, पण नव्या रुग्णाने त्यातून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिला महिना सर्वांत नाजूक असतो, आणि प्रत्येकाचे शरीर वेगळे वागते. शेजारच्या ओळखीच्या व्यक्तीची मात्रा वाढवावी लागली म्हणून आपलीही वाढवावी लागेल, असा अर्थ त्यातून काढू नये.

इस्पितळात असताना

भूल देणाऱ्या डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी लेखी द्यावी. या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके टाळतात, कारण जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो. नैराश्याच्या एसएसआरआय गटातील (एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्सेटिन यांसारख्या) औषधांबरोबर ती घेतली तर पोटातील रक्तस्रावाचा धोका आणखी वाढतो. त्यांच्याऐवजी पुष्कळदा ट्रॅमाडॉल दिले जाते. नैराश्याच्या औषधाशी ट्रॅमाडॉलची गाठ पडली तर सिरोटोनिन हे मेंदूतील रसायन शरीरात जास्त साचून ताप, थरथर, घाम, गोंधळ अशी गंभीर अवस्था येऊ शकते. डॉक्टरांना आपले औषध ठाऊक असेल तर ते पॅरासिटामॉल किंवा दुसरा पर्याय निवडू शकतात. घरी परतल्यावर पाठ दुखली म्हणून कोपऱ्यावरच्या फार्मसीतून दुखण्याची गोळी आणण्याची आपली सवयही आता सोडावी लागते.

लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. पाणी कमी पिणे, उलट्या आणि झपाट्याने घटणारे वजन यांमुळे लिथियमचे रक्तातील प्रमाण विषारी पातळीपर्यंत चढू शकते, म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत रक्ततपासणी वारंवार करावी लागते. एप्रिल-मे महिन्यांतल्या गोव्याच्या उकाड्यात हा धोका वाढतो.

पहिला महिना

या काळात आहार द्रव आणि मग मऊ असतो, आणि मोठी गोळी गिळताना अडकल्यासारखे होते. साधी गोळी कुटून थोड्या पाण्यात घेता येईल का, हे फार्मासिस्टला औषधाचे नाव सांगून विचारावे. हळू विरघळणारी गोळी कुटली तर दिवसभराचे औषध एकदम रक्तात उतरते आणि आवरण असलेली कुटली तर आवरण निकामी होते, म्हणून अशा गोळ्या कधीही कुटू नयेत. औषध रोज ठरलेल्या वेळी घ्यावे. कॅल्शियम आणि लोह यांच्या गोळ्या एकमेकींपासून किमान दोन तासांच्या अंतराने घ्यायच्या असतात, त्यामुळे दिवसाचे वेळापत्रक स्वयंपाकघरातील भिंतीवर लिहून लावलेले बरे.

एक वही ठेवावी. तिच्यात रोज औषध घेतले की नाही, उलटी झाली का आणि झाली तर गोळीनंतर किती वेळाने, झोप किती लागली आणि मन कसे होते एवढेच लिहावे. आठवड्यातून एकदा पीएचक्यू-९ भरावी. ही वही दोन्ही डॉक्टरांना दाखवावी. माझ्या मते या संपूर्ण प्रवासात हीच सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत उपयोगी वस्तू आहे.

मन खचले तर कोणत्या क्रमाने पाहावे

घरच्यांची पहिली प्रतिक्रिया ‘एवढा खर्च केला, वजन उतरले, आता कशाला रडतोस’ अशी असते, तर काही वेळा डॉक्टरही लगेच मात्रा वाढवतात. दोन्ही घाई टाळून आधी शरीराचा हिशेब पाहावा.

प्रथम, औषध पोटात राहते आहे का ते पाहावे. उलट्यांमुळे, गिळता न आल्यामुळे किंवा विसरल्यामुळे काही दिवस औषध चुकले असेल, तर तेच कारण असू शकते. मात्रा ठरल्याप्रमाणे चालू असूनही पहिल्या दोन-तीन महिन्यांत पीएचक्यू-९चे गुण सतत वाढत असतील, तर शोषण कमी झाल्याची शक्यता मानसोपचारतज्ज्ञांपुढे मांडावी. मात्रा वाढवली किंवा औषध बदलले तरी परिणाम दिसू लागायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणाम व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, हे लक्षात ठेवून धीर धरावा.

त्यानंतर पोषणाकडे पाहावे. बी-१२, फोलेट, लोह आणि ड जीवनसत्त्व यांच्या कमतरतेने थकवा, चिडचिड, विस्मरण आणि निरुत्साह येतो, आणि हे सारे नैराश्यासारखेच दिसते. शाकाहारी घरांत बी-१२ शस्त्रक्रियेपूर्वीच कमी असण्याचा संभव अधिक. रोजची ६० ते ८० ग्रॅम प्रथिने भरून काढणे आपल्या पेजेने होत नाही. पेज पोटाला सोसते, म्हणून अनेकजण महिनोन्महिने तीवरच राहतात, पण तिच्यात प्रथिने नगण्य असतात. सर्जन किंवा आहारतज्ज्ञ सांगतील त्या टप्प्यावर मऊ शिजवलेले काटे काढलेले मासे, अंडे, दही, पनीर, मूगडाळ यांच्याकडे वळायला हवे. थायरॉइडची तपासणीही याच वेळी करून घ्यावी.

उलट्या काही दिवस थांबत नसतील तर वाट पाहू नये. थायामिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व संपले की गोंधळलेपणा, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड किंवा दुहेरी दिसणे आणि तोल जाणे अशी लक्षणे येतात, आणि उपचार उशिरा झाले तर स्मरणशक्तीचे कायमचे नुकसान होते. असा रुग्ण सुस्त आणि उदास दिसतो, म्हणून घरचे त्याला ‘डिप्रेशन’ म्हणतात. अशक्तपणावर ग्लुकोजची बाटली लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. थायामिन न देता नुसते ग्लुकोज दिल्यास ही अवस्था बिघडू शकते, म्हणून ‘माझी वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि उलट्या चालू आहेत’ हे वाक्य इस्पितळात पोहोचताच पहिल्यांदा सांगावे.

तिसरी बाब साखरेची. चवथीच्या नेवऱ्या किंवा पायसाची वाटी खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत छाती धडधडणे, घाम, पोटात कळ आणि गळून गेल्यासारखे वाटणे याला डंपिंग म्हणतात. एक ते तीन तासांनी रक्तातील साखर खाली जाऊनही थरथर आणि घाबरेपणा येऊ शकतो. हे झटके भीतीच्या झटक्यांसारखे वाटतात आणि त्यांवर चिंतेची गोळी सुरू होण्याची शक्यता असते. झटका आला तेव्हा त्याआधी काय आणि किती वाजता खाल्ले होते हे वहीत लिहिलेले असेल, तर निदान सोपे जाते.

हे सगळे पाहून झाल्यावर उरते ते मन. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, कातडी लोंबते, गावात भेटेल तो ‘बरे नाही काय?’ असे विचारतो. ज्यांनी वर्षानुवर्षे दुःख खाण्याने शमवले, त्यांच्या हातातून ते साधन गेलेले असते आणि त्याच्या जागी दुसरे काही आलेले नसते. यावर गोळीपेक्षा समुपदेशन अधिक उपयोगी पडते. गोव्यातच या बाबतीत जगाने दखल घेतलेले काम झाले आहे. ‘संगत’ ही १९९६ साली गोव्यात सुरू झालेली संस्था आणि तिचे सहसंस्थापक मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल यांच्या चमूने येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णाला पुन्हा अर्थपूर्ण कामांकडे वळवणे, असे त्याचे स्वरूप होते. त्याने तीव्र स्वरूपाचे नैराश्य कमी होते, हा निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे सूत्र घरीही वापरता येते. मन लागेल तेव्हा बाहेर पडू असे न म्हणता रोज ठरलेल्या वेळी एक लहानसे काम करावे, मग ते अर्धा तास चालणे असो, भजनाला जाऊन बसणे असो किंवा कुळागरात फेरी मारणे असो.

दारूविषयी स्पष्टपणे

गोव्यात हा विषय टाळून लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गॅस्ट्रिक बायपासनंतर दारू फार लवकर रक्तात उतरते आणि तिची पातळी पूर्वीपेक्षा उंच जाते. स्लीव्हनंतरही नशा लवकर चढल्याचे अनेक रुग्ण सांगतात. पूर्वी दोन पेले पचवणारा माणूस एकातच डुलतो आणि गाडीला किल्ली लावतो. बायपासनंतरच्या दुसऱ्या वर्षापासून दारूच्या व्यसनाचे प्रमाण वाढते, असे अमेरिकेतील मोठ्या पाहणीत आढळले आहे. दारू स्वतः मन खाली ओढते, झोप मोडते, थायामिन संपवते, आणि क्लोनाझेपामबरोबर घेतली तर श्वासही मंदावू शकते. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी हुर्राक येते आणि ‘लिंबूपाण्यातून घोटभर घे, औषधी असते’ असा आग्रह होतो. पहिले वर्षभर पूर्ण नकार द्यावा, आणि ज्यांना पूर्वी व्यसन होते त्यांनी कायमचा. आग्रह मोडायला ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ एवढे कारण पुरते.

मदत कुठे मिळते

बांबोळी येथे गोवा वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे गोमेकॉ आहे आणि तेथेच मनोविकारांवर उपचार करणारी आयपीएचबी (इन्स्टिट्यूट ऑफ सायकियाट्री अँड ह्यूमन बिहेविअर) ही सरकारी संस्था आहे. या संस्थेचे मूळ इस्पितळ आबे फारिया यांच्या नावाने ओळखले जाई. संमोहनाचे मर्म रुग्णाच्याच मनात असते असे सांगणारे हे कांदोळीचे पाद्री, आणि त्यांचा पुतळा पणजीत आजही उभा आहे. म्हापशातील उत्तर गोवा जिल्हा इस्पितळ आणि मडगावातील दक्षिण गोवा जिल्हा इस्पितळ येथेही चौकशी करता येते. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा विनाशुल्क क्रमांक २०२२ पासून देशभर चालू असून त्यावर मराठीत बोलता येते.

शस्त्रक्रियेनंतर स्वतःला इजा करून घेण्याच्या घटना वाढतात, हे कॅनडातील ओंटारिओ प्रांतात आठ हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीत २०१६ साली दिसून आले. शस्त्रक्रियेपूर्वीच्या तीन वर्षांशी तुलना करता नंतरच्या तीन वर्षांत असे प्रसंग सुमारे दीडपट झाले होते. म्हणून पीएचक्यू-९च्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरण बरे असे विचार येतात का या प्रश्नाला, ‘हो’ असे उत्तर आले, तर बाकीचे गुण कितीही कमी असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. तातडी असेल तर १०८ क्रमांकावर फोन करावा आणि रुग्णाला एकटे सोडू नये. घरातील औषधांचा साठा दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्यावा. पोलिसांच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही.

वर्षभरानंतर

वजन उतरण्याचा वेग साधारण वर्ष-दीड वर्षाने मंदावतो आणि काहींचे थोडे वजन परतते. नैराश्यही याच सुमारास डोके वर काढू शकते, पण तोवर सर्जनच्या भेटी विरळ झालेल्या असतात. मिर्टाझापिन, पॅरोक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन यांनी वजन वाढू शकते. तसे होत असेल तर औषध फेकून न देता पर्याय मागावा. ब्युप्रोपिऑनने वजन सहसा वाढत नाही, पण ज्यांना आकडीचा आजार आहे किंवा खाऊन मुद्दाम ओकण्याची सवय आहे त्यांना ते देत नाहीत. गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने टाळायला सांगतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही, म्हणून स्त्रियांनी हा विषय स्त्रीरोगतज्ज्ञ व मानसोपचारतज्ज्ञ दोघांशी बोलावा.

वजन उतरल्याच्या आनंदात ‘आता गोळीची गरज नाही’ असे वाटणे साहजिक आहे, आणि औषध बहुधा याच क्षणी सुटते. नैराश्याचा पहिलाच प्रसंग असेल तर लक्षणे पूर्ण गेल्यानंतरही सहसा सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, आणि प्रसंग वारंवार आले असतील तर दोन वर्षे किंवा अधिक. वजन झपाट्याने घटत असताना किंवा मात्रा नुकतीच बदललेली असताना औषध कमी करण्याचा निर्णय घेऊ नये. ते कमी करताना टप्प्याटप्प्याने, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत करावे, प्रत्येक टप्प्यानंतर पीएचक्यू-९ भरावी, आणि शेवटच्या गोळीनंतरही निदान सहा महिने महिन्यातून एकदा ती भरून मानसोपचारतज्ज्ञांना दाखवत राहावे.